राहून गेलेलं नाव

४ मार्च

धाकट्या,

तुझं कार्ड मिळालं. नऊ वर्षांनी चार ओळी लिहिल्यास, त्यातली एक हवेबद्दल. लेकीला इथल्या मोठ्या हॉस्पिटलात नर्सिंग शिकायला जागा मिळाली, हे वाचून बरं वाटलं. दोन वर्षं ती माझ्याकडे राहील का असं विचारलंस आणि लगेच पुढे "जमत नसेल तर तसं कळव" असंही लिहून टाकलंस. उत्तर तूच पाठवल्यावर मी वेगळं काय लिहायचं?

तर जमत नाही. कारणं सांगते. जिना तुला आठवतोय तसाच आहे, फक्त आता दोन पायऱ्या कमी आहेत. मागच्या खोलीची भिंत ओली असते. मी कवळ्या घरीच बनवते, दवाखान्यांतून दातांचे ठसे येतात आणि सकाळपासून घासायचं यंत्र किंचाळत असतं. वास तर असा की शेजारीणबाई खिडकी लावून घेतात. या गोंगाटात पोर अभ्यास काय करणार? बंद गॅलरीत, जिथे तुम्ही तिघं झोपायचात, तिथे आता माझं कामाचं टेबल आहे. ते हलत नाही. म्हणजे हलेल, पण हलवलं की यंत्र बिघडतं.

आणि मुख्य म्हणजे कायदा. आपल्या घराचं भाडं आईच्या नावावर जे थांबलं ते थांबलं, कायद्याने वाढत नाही, पण भाडे-कार्यालयाच्या नोंदीत आई गेल्यानंतर फक्त माझं नाव आहे. नोंदीत नसलेलं माणूस राहायला आलं की ते पोटभाडेकरू धरतात, आणि पोटभाडेकरू ठेवला की घर गेलं. मालकांचा मुलगा येता-जाता आपल्या दारातल्या चपला मोजतो. दवाखान्याचा माणूस ठसे द्यायला आला तरी मी त्याला चपला आत काढायला लावते.

हे नऊ वर्षांपूर्वीही मी तुला सांगितलं होतं. तू बायको-पोरीला घेऊन लिफ्ट बसवायच्या कामावर परगावी होतास. भाडे-कार्यालयाचा इन्स्पेक्टर आला, सध्या इथे कोण राहतं म्हणून विचारलं, मी म्हटलं, मी. त्यात खोटं काय होतं? तुझं नाव राहून गेलं. आता त्याला मी तरी काय करू?

म्हातारे मालक परवा कवळी घट्ट बसत नाही म्हणून आले होते. मीच बनवून दिलीय, स्वस्तात. आरशात बघून म्हणाले, "बाई, तुमच्या वर्षाच्या भाड्यात या कवळीचा खालचा जबडासुद्धा येत नाही." मी म्हटलं, मग वरच्यानेच हसा. ते हसले, पण छपराकडे बघत हसले.

पोरीला आशीर्वाद.

ताई


१९ मार्च

धाकट्या,

तू उत्तर दिलं नाहीस. देशील असं मला वाटलंही नव्हतं, तरी दोनदा खाली जाऊन पेटी बघून आले.

तुझी लेक येऊन गेली. "बाबांनी पाठवलेलं नाही, माझी मी आलेय," हे तिने उंबऱ्यातच सांगून टाकलं. उभी राहायची पद्धत सगळी तुझी, एका पायावर भार टाकून, कुठल्याही क्षणी निघून जाईल अशी. हातात खोल्यांची यादी होती. मला म्हणाली, "आत्या, यातले रस्ते फक्त सांगा." मी रस्ते सांगायला म्हणून चप्पल घातली आणि दोन दिवस तिच्याबरोबर फिरले.

काय काय पाहिलं ते ऐक. एका खोलीत मधे प्लायवूड ठोकून दोन खोल्या केल्यात. दिवा इकडे, बटण तिकडे. दिवा लावायचा झाला तर भिंत ठोठावायची. दुसऱ्या ठिकाणी घरमालकीणबाईंनी विचारलं, "केस आठवड्यातून किती वेळा धुतेस?" तिसरी खोली बरी होती, तर आम्ही जिना चढेपर्यंत भाडं वाढलं होतं. आमच्यासमोरून दुसरा माणूस चावी घेऊन गेला.

खोल्या दाखवणारा एजंट मोठा बोलका. मी त्याला म्हटलं, लुटताय नुसतं, सगळ्याच घरांची भाडी आमच्या घरासारखी थांबवायला हवीत. तो म्हणाला, "थांबवा की. मग मालक खोल्यांना कुलपं लावून बसतील, आणि तुमच्यासारख्या ज्या आत आहेत त्या बाहेर निघणार नाहीत. ही पोरगी कुठे जाणार?" मला इतका राग आला की मी पुढच्या चौकापर्यंत त्याच्या चार पावलं पुढे चालले. तुझी लेक मात्र हसली.

मग चहा घेताना तिने सांगितलं की तुम्ही नऊ वर्षांत सात घरं बदललीत. अकरा महिने झाले की भाडं वाढतं, आणि "बाबा म्हणतात, चला." तुमच्याकडे एक खोकं आहे म्हणे, जे चौथ्या घरापासून उघडलेलंच नाही आणि त्यात काय आहे हे तुझ्या बायकोलाही आता आठवत नाही. हे ती तक्रार म्हणून सांगत नव्हती, गंमत म्हणून सांगत होती. मला हसू आलं नाही.

शेवटी तिने एक पलंग घेतला. खोली नव्हे, पलंग. एक मुलगी रात्रपाळी करते, ती दिवसा त्यावर झोपते. संध्याकाळी सहाला ती उठते आणि पलंग तुझ्या लेकीचा होतो. चादर आपापली.

मी तिला गॅलरी दाखवली नाही. दार लावून घेतलं होतं. तिनेही विचारलं नाही, फक्त जाताना त्या दाराकडे एकदा बघितलं.

ताई


२ एप्रिल

धाकट्या,

माझ्या हाताला काय झालंय कळत नाही. दोन कवळ्या परत आल्या. एक बोलताना वाजते, आणि दुसरीत मी दातांचा रंग चुकवला, सत्तरीच्या आजोबांना शाळकरी पोराचे पांढरेशुभ्र दात बसवले. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, आजोबा खूश आहेत, पण आजी तक्रार करतायत. एरवी मी या गोष्टीवर आठवडाभर हसले असते.

काल हॉस्पिटलपाशी गेले होते. त्या बाजूच्या दवाखान्यात कवळी पोचवायची होती. खरं तर नव्हती. तुझी लेक दोन वाजता सुटली, फाटकाशी उभ्या उभ्या पाव खाल्ला आणि बसमध्ये चढली. मीही चढले. मला बघून दचकली. पलंग तर सहाला मिळतो, मग दोन ते सहा कुठे असतेस म्हणून विचारलं. म्हणाली, "या बसने शेवटच्या थांब्यापर्यंत जाते, परत येते. खिडकीची जागा मिळते, अभ्यास होतो." मांडीवर पुस्तक, त्यात हाडांची चित्रं. कंडक्टर तिला ओळखतो, प्रश्नोत्तरं घेतो म्हणे.

मी मधल्याच थांब्यावर उतरले आणि चालत घरी आले. दार उघडलं. तीन खोल्या आणि गॅलरी. मी या खोलीतून त्या खोलीत जात राहिले, बसवेना. मला सांग, नर्सिंगच्या मुलीने दुपारी बसमध्ये का बसावं? तू मुद्दाम तर नाही ना तिला सांगितलंस, की आत्याला दिसेल असं वाग? नाही, तू तसला नाहीस. मीच तसली आहे.

इथे भाड्यांवरून सगळं शहर पेटलंय. सगळ्याच घरांची भाडी गोठवायची का, यावर सोळा तारखेला उघडी सुनावणी आहे. आपल्या भाडेकरू संघाचे चिटणीस दोनदा घरी आले. म्हणतात, "ताई, तुम्ही आमचं उदाहरण. एकटी बाई, हातात कसब, भाडं थांबलं म्हणून मानाने जगतेय. एवढंच सांगा, बाकी मी बघतो." मी हो म्हटलं. त्यांना नाही म्हणता येत नाही, फार जोरात बोलतात.

ताई


१७ एप्रिल

धाकट्या,

काल मी काहीतरी करून बसले आहे. नीट सांगते, कारण आता तुला कागद येईल.

सुनावणीला सभागृह भरलं होतं. आधी आपले मालक बोलले. म्हणाले, "मी काही सावकार नाही. छपराला हात लावायचा तर तीस वर्षांची भाडी एकत्र केली तरी पुरत नाहीत. या बाईंच्या घरात गळतं ते मला माहीत आहे, मला लाज वाटते." माझ्याकडे बोट केलं. मग चिटणीस बोलले, की भाडं मोकळं सोडलं तर शहरात शिकवणारा, झाडणारा, सुया टोचणारा, कोणीच उरणार नाही. दोघंही खरं बोलत होते, त्यामुळे माझं डोकं उठलं.

मग मी. पाठ केलेलं सगळं सांगितलं, टाळ्याही पडल्या. अध्यक्षबाईंनी सहज विचारलं, "घर किती खोल्यांचं?" तीन, आणि एक बंद गॅलरी. "राहतात किती जण?" मी म्हटलं, एक. तेव्हा मागून एक मुलगी उठली. ओळखीची नव्हती, आपल्या पोरीच्याच वयाची. म्हणाली, "बाई, मी तुमच्यासाठी टाळ्या वाजवल्या. पण मी पाच जणींत राहते. तुमचं भाडं थांबलं, त्यात माझं काय झालं?" कोणी तिला खाली बसायलाही सांगितलं नाही.

मी खाली बसायला हवं होतं. बसले नाही. माझ्या तोंडून निघालं, "आमच्या घरात एक नाव राहिलंय. माझ्या भावाचं. ते लागलं तर त्याची मुलगी हक्काने राहील."

चिटणीसांनी कपाळावर हात मारला. कारकुनाने मात्र शब्दन् शब्द लिहून घेतला: "भावाचे नाव राहिले." आज भाडे-कार्यालयातून बोलावणं आलं. तिथल्या अधिकाऱ्याने चष्मा वर करून विचारलं, "राहिलं म्हणजे? नोंदीत राहिलं, की नोंदीतून राहिलं?" मी म्हटलं, नोंदीतून. मालकांचा मुलगा वकील घेऊन आला होता. वकील म्हणाला, "राहिलं, की गाळलं? ते आधी ठरू दे."

फरक असा आहे. चुकून राहून गेलं असेल तर दुरुस्ती होते, तुझं नाव माझ्या शेजारी लागतं आणि तुझी लेक राहू शकते. मुद्दाम गाळलं असेल तर माझी नोंद खोटी, घर मालकांच्या ताब्यात जातं, आणि तुलाही काही मिळत नाही, कारण नऊ वर्षं तू इथे नाहीस. चौकशी वीस मेला. तुला साक्षीला बोलावतील.

तुला वाटेल ताईने डोकं चालवलं, आता माझ्या तोंडून घर वाचवून घेणार. तसं नाही. असेलही. मला स्वतःचाच भरवसा राहिलेला नाही.

ताई


१ मे

धाकट्या,

तीन वेळा लिहिलं आणि फाडलं. हे चौथं आहे, फाडायच्या आत पेटीत टाकते.

इन्स्पेक्टरने एकच प्रश्न विचारला नव्हता. सध्या कोण राहतं, हे विचारलं, मी म्हटलं मी, इथपर्यंत खरं. मग त्याने फॉर्म उलटला. मागे रकाना होता, तात्पुरते बाहेरगावी असलेले कुटुंबीय. त्याने तो वाचून दाखवला. तुझे बूट दाराशी होते, पोरीची सायकल गॅलरीत होती. तो सायकलकडे बघत होता. त्याने पुन्हा विचारलं, "बाई, कोणी तात्पुरतं बाहेर आहे का?" मी म्हटलं, नाही. कोणी नाही.

सायकल कोणाची म्हणाला. मी म्हटलं, शेजाऱ्यांची.

म्हणजे राहून गेलं नाही रे. मी गाळलं.

का, तेही सांगते. आईच्या दुखण्याची सहा वर्षं मी काढली. तू होतास घरात, पण अंथरूण मी बदलत होते. ती गेली आणि पहिल्यांदा मला अख्ख्या घरात श्वास घेता आला. तू परत येणार, मग पोर मोठी होणार, तिला खोली लागणार, आणि एक्केचाळीस वर्षांची बिनलग्नाची बहीण हळूहळू सरकत गॅलरीत जाणार, हे मला दिसत होतं. तुझी बायको चांगली आहे, तिने मला कधी सरकवलं नसतं. मीच स्वतः सरकले असते, आणि चेहरा पाडून बसले असते. थांबलेलं भाडं हातात आलं की माणूस घर नाही धरत, दार धरतो. बाहेर कोण उभं आहे ते मग दिसत नाही. मी तर तुझ्या पोरीची सायकलसुद्धा शेजाऱ्यांची करून टाकली.

तू परत आलास तेव्हा मी कायद्याकडे बोट दाखवलं. तू इन्स्पेक्टरला शिव्या दिल्यास, मालकांना दिल्यास, आणि मी मूग गिळून बसले. चार दिवसांनी तू निघालास. जाताना म्हणालास, "कायदा तुझ्या बाजूने आहे ना, मग त्याच्याबरोबरच राहा." मी नऊ वर्षं तुझ्यावर रुसून होते. रुसायला काहीतरी हवं होतं, तेवढं एक वाक्य मला पुरलं.

वीस तारखेला तुला विचारतील तेव्हा जे खरं आहे ते सांग. हे पत्र दाखव. माझं अक्षर आहे, मी नाकारणार नाही. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत यंत्र ठेवायला परवानगी दिली आहे, माझं मी बघेन. पोरीचं काय करायचं ते मात्र मला सुचत नाही.

ताई


२३ मे

धाकट्या,

चौकशीला तू बाकाच्या त्या टोकाला बसलास. मधे तीन माणसं मावतील एवढी जागा. कंपनीचा शर्ट घातला होतास, खांद्यापाशी ग्रीसचा डाग, म्हणजे कामावरून तसाच बस धरून आलास. केस पांढरे झालेत. कडेचा वरचा दात पडलाय, ते मला तू बोलायच्या आत कळलं होतं.

खिशातून माझ्या पत्राच्या पाकिटाची कड दिसत होती. तुझं नाव पुकारलं तेव्हापासून मी तिच्याकडेच बघत होते.

अधिकाऱ्याने विचारलं, "तुमच्या बहिणीने तुमचं नाव गाळलं का?" वकील पुढे सरकला. तुझा हात खिशापाशी गेला. आणि मग तू म्हणालास, "गाळलं नाही, साहेब. राहून गेलं. आमच्या घरात तसंच आहे, एक जण बाहेर गेला की बाकीच्यांना त्याची आठवण राहत नाही."

सगळे हसले. अधिकारीही हसला. म्हातारे मालक म्हणाले, माझी हरकत नाही, लिहून टाका, आणि त्यांच्या मुलाने त्यांच्याकडे असं बघितलं की मला त्यांची दया आली. मी हसले नाही. ते वाक्य त्यांच्यासाठी नव्हतं.

बाहेर मी चहा म्हटलं. तू म्हणालास, "तुझ्यासाठी खोटं बोललो नाही. पोरीला बसमध्ये अभ्यास करावा लागू नये म्हणून बोललो." आणि गेलास. "येतो" सुद्धा म्हणाला नाहीस. मी तिथेच उभी राहिले, कोणीतरी मला बाजूला व्हायला सांगेपर्यंत.

काल पोर राहायला आली. टेबल हललं, यंत्रही चालतंय. ते आता स्वयंपाकघरात आहे, आणि पिठाच्या डब्याशेजारी एका वकिलाचा खालचा जबडा वाळतोय. पोरीने त्यावरून पोट धरून हसून घेतलं. दुपारी दोनला सुटून थेट घरी आली, जेवली आणि दार लोटून अभ्यासाला बसली. मी त्या दाराकडे बघत बसले होते, काम काही झालं नाही. तो पलंग आता त्या सभागृहातल्या मुलीला मिळाला का, असं उगाच मनात आलं. तिला मी शोधणार कुठे? भाडी वर्षभरासाठी गोठवलीत, तुम्ही वाचलं असेल. चिटणीस पेढे नाहीत म्हणून केळी वाटत फिरले. एजंट म्हणतो, त्याच्या यादीतल्या निम्म्या खोल्यांना कुलपं लागली. कोण बरोबर ते मला ठरवता येत नाही, आणि मी आत बसून ठरवणं शोभतही नाही.

पण मी लिहायला बसले ते यासाठी नाही. तू मला घर दिलंस आणि माफी दिली नाहीस. बरोबर केलंस. फक्त एक सांगते, मला हे असं झेपत नाही. तू चार माणसांत माझी लाज राखलीस आणि मला एक शब्द बोलला नाहीस. गेले तीन दिवस मी घरभर फिरतेय. जेवण जात नाही.

घरी ये आणि माझ्याशी भांड. सायकलीपासून सुरू कर. बायकोलाही आण, तिचंही नऊ वर्षांचं साचलं असेल. मी मधे बोलणार नाही. बोललेच तर तूही आवाज चढव, शेजाऱ्यांची पर्वा करू नकोस. घर तुझंही आहे.

ताई